शेवटचा जोड

सासूबाईंचं चपला-बुटांचं दुकान होतं, आणि त्या दुकानात त्यांचं एक हुकमी वाक्य होतं. गिऱ्हाईक पायात बूट चढवून आरशासमोर उभं राहिलं, घेऊ की नको करायला लागलं, की त्या गल्ल्यावर बसल्या बसल्या म्हणत, “बघा हं, ह्या मापाचा शेवटचा जोड आहे. उद्या आलात तर मिळेलच, असं मी सांगत नाही.” वर माळ्यावर त्याच मापाचे चार खोके रचलेले असत. रचलेले असत ते धाकटीनंच, पण ती शिडीवर तोंड फिरवून गप्प उभी राहायची. लबाडी म्हणा हवं तर. पण पायाला न बसणारा जोड त्यांनी उभ्या जन्मात कुणाच्या गळ्यात मारला नाही, हेही तितकंच खरं.

धाकटी म्हणजे त्यांची धाकटी सून. थोरली लांब परगावी, वर्षातून एकदा दोन पोरं घेऊन यायची आणि घर डोक्यावर घेऊन जायची. ही मात्र घरातली आणि दुकानातलीही. दुकान खाली, घर वर, मध्ये लाकडी जिना. तिचा दिवस त्या जिन्यावर चढण्या-उतरण्यातच जायचा. लग्न उशिरा झालं होतं. सुरुवातीला ‘होईल की, घाई काय आहे’ म्हणत दोघांनी मजेत दिवस काढले, आणि मग एक दिवस तिच्या लक्षात आलं, की घाई आहे. लहान मुलांचे बूट दाखवताना तिचे हात उगीच रेंगाळायला लागले. तिला मूल हवं होतं, अगदी पोटातून हवं होतं, आणि ते होत नव्हतं. सदतिसावं सरत आलं होतं.

शेवटी नवरा-बायको डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई साध्या होत्या, चष्मा कपाळावर ढकलून बोलायच्या. पाळीच्या दुसऱ्या दिवशी धाकटीचं रक्त घेतलं, सोनोग्राफी केली, नवऱ्याचीही तपासणी झाली. त्याच्यात काही वावगं निघालं नाही. हे ऐकून तो बिचारा असा ओशाळला, की जणू त्यानंच परीक्षेत कॉपी केली होती.

“हे एएमएच,” डॉक्टरीणबाईंनी कागदावर पेन टेकवलं. “शून्य पूर्णांक नऊ. अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय, त्याचा हा अंदाज. तुमच्या वयाच्या मानानंही कमीच आहे. आणि हे एफएसएच. मेंदू अंडाशयाला दर महिन्याला हाक मारतो ना, ‘बाई, बीज तयार कर’, त्या हाकेचा हा आवाज समजा. साठा आटला की हाक मोठ्यानं मारावी लागते. तुमची जरा चढायला लागलीय.”

“मग साठा वाढवायचा कसा?” नवऱ्यानं विचारलं. दुकानदाराचा मुलगा तो, दुसरं काय विचारणार!

“वाढत नाही,” बाई म्हणाल्या. “मुलगी जन्माला येते तीच सगळी बीजं घेऊन. पुढे नुसता खर्च, जमा काही नाही. पण ऐका, कमी आहे म्हणजे मूल होणारच नाही, असं मुळीच नाही. महिन्याला एक बीज पुरतं. शिवाय ह्या आकड्यावरून बीजं किती ते कळतं, कशी आहेत ते कळत नाही. ते वयावर. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, थांबू नका. इंजेक्शनं देऊन एका वेळी चार बीजं मिळवायची, तर ती असेपर्यंतच मिळवायची. दोन-तीन महिन्यांत सुरू करू.”

माणसाचे कान मोठे चोखंदळ असतात. एवढ्या सगळ्यातून नवऱ्यानं ‘महिन्याला एक पुरतं’ तेवढं उचललं. धाकटीनं ‘कमीच आहे’ तेवढं. ‘वाढत नाही’ हे दोन शब्द दोघांनीही ऐकले, आणि ते तिथंच खुर्चीवर ठेवून दोघं घरी आले.

जेवताना सासूबाईंनी सगळं खोदून खोदून विचारलं. त्यांनी कुणाला कधी वांझ-बिंझ म्हटलं नाही, धाकटीला उणंदुणं तर कधीच बोलल्या नाहीत. तिची पाळी आली की त्याच दोन दिवस हळू बोलायच्या आणि तिच्या वाटणीची भांडी घासून टाकायच्या. म्हणूनच पुढचं सगळं इतकं अवघड झालं. सासू खाष्ट असती तर निदान रागवायला तरी जागा राहिली असती.

“साठा कमी आहे, थांबू नका, असं म्हणाली?” सासूबाईंनी घास हातातच धरला. “लवकर सुरू करा, मागाहून मिळेल असं सांगता येत नाही?”

“हो, साधारण तसंच.”

“अस्सं!” आणि त्या खळखळून हसल्या. “अगं धाकटे, हा तर शेवटचा जोड! जिनं आयुष्यभर हेच वाक्य विकलं, तिलाच ही बाई विकायला निघाली होय?”

“आई, डॉक्टर आहे ती,” नवरा म्हणाला.

“असू दे. पांढरा कोट घातला म्हणून दुकान नाही होय ते? खुर्च्या आहेत, पाटी आहे, फोन घ्यायला मुलगी आहे. वाईट आहे असं नाही म्हणत मी तिला, आपला धंदा करते बिचारी. पण समोरच्यानं ‘आजच घ्या’ म्हटलं, की आपण एक पाऊल मागे घ्यावं. हे माझ्या गिऱ्हाइकांना कळत नाही म्हणून आपलं चाललंय, मला तर कळतं ना!”

धाकटीला हसू आलं. दवाखान्यातून निघाल्यापासून तिच्या छातीवर जे दगडासारखं बसलं होतं, ते त्या हसण्यानं जरासं सरकलं. तिला ते फार बरं वाटलं, आणि खरी गोम तिथंच आहे. जे ऐकून बरं वाटतं, त्याची आपण कधी उलटतपासणी करत नाही.

“आणि माल संपला तर काय, दुकान बंद करतात?” सासूबाईंनी विषय निकालात काढला. “वरून मागवायचा. खायला-प्यायला घातलं की शरीर देतंच.”

दुसऱ्या दिवसापासून धाकटीचं खाणं सासूबाईंच्या ताब्यात गेलं. सकाळी भिजवलेली अंजिरं, दुपारी अक्रोड, संध्याकाळी भोपळ्याच्या बिया, झोपताना दूध. बी खाल्लं की बी वाढणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं तरी त्या गल्ल्यावरून हाक मारायच्या, “धाकटे, अक्रोड राहिले तुझे!” नवरा चिडवायचा, “पी हळद आणि हो गोरी!” पण वाटीतली चार अंजिरं स्वतःही उचलायचा. धाकटी मुकाट्यानं खायची. आपल्यासाठी कुणीतरी इतकं करतंय, हेच तिला पुष्कळ होतं.

इंजेक्शनांची तारीख जवळ आली, तसा नवरा अस्वस्थ झाला. सुईचं भय तिच्यापेक्षा त्यालाच जास्त. “सुरू करायच्या आधी एकदा तपासून तर बघू,” तो म्हणाला. “इतकं खाल्लंयस, काहीतरी फरक पडला असेलच की.” पहिली तपासणी दवाखान्याच्या ओळखीतल्या लॅबमध्ये झाली होती, ती लांब. आता दोन गल्ल्या पलीकडे नवीन लॅब निघाली होती. तिथंच रक्त दिलं.

रिपोर्ट आणायला नवरा गेला होता. धाकटी दुकानात एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या पायात बूट चढवत होती. त्यांची टाच तिच्या तळहातावर, नाडी अर्धवट बांधलेली, तेवढ्यात दारातूनच हा ओरडला, “सहा पूर्णांक एक!”

“काय?”

“सहा! सहा पूर्णांक एक! शून्य पूर्णांक नऊवरून सहा!”

सासूबाई गल्ल्यावरून उठल्या. त्या उठल्या म्हणजे काय झालं ते दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांनाच कळेल; गुडघ्यांमुळे त्या आग लागली तरी बसूनच ओरडल्या असत्या. “म्हटलं नव्हतं? म्हटलं नव्हतं मी? आता काय, हातच्या काकणाला आरसा कशाला!” धाकटी त्या म्हाताऱ्यांचा पाय हातात धरूनच रडायला लागली. ते घाबरून म्हणाले, “बाई, बूट बसतोय हो, रडू नका.” सासूबाईंनी त्यांना पॉलिशची डबी फुकट दिली आणि कशाबद्दल ते सांगितलं नाही.

त्या दिवशी धाकटीनं तो कागद कितीदा वाचला असेल, त्याला गणती नाही. आकडा बघायची, घडी घालायची, पुन्हा उघडायची. आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरात काहीतरी छापलेलं होतं. ते तिनं एकदाही वाचलं नाही. शेवटच्या रकान्यात तिच्या वयाला कुठून कुठपर्यंत आकडा चालतो ते दिलं होतं. तो पल्ला ऐसपैस होता आणि त्यात सहा पूर्णांक एक बरोबर बसत होते. कुठं लाल शाई नाही, फुली नाही. घरात तीन शहाणी माणसं, दिवसभर आकडे बघून खोके काढणारी, आणि तिघांनाही वाटलं की माल आला.

नवऱ्यानं दवाखान्यात फोन करून इंजेक्शनांची तारीख रद्द केली. फोनवरची मुलगी म्हणाली, “डॉक्टरांना एकदा तो रिपोर्ट दाखवून जा ना.” हा म्हणाला, “हो हो, येतो की.” फोन ठेवल्यावर सासूबाई म्हणाल्या, “दाखवायला गेलास की ती दुसरं काहीतरी काढेल बघ. आलेलं गिऱ्हाईक कोण सोडतं?” तो गेला नाही. धाकटीनंही जा म्हटलं नाही.

पुढचं वर्ष चांगलं गेलं, असं म्हणायला जीभ अडखळते, पण गेलं खरं. घरात हसणं होतं. नवरा-बायको तारखा न बघता पुन्हा एकमेकांजवळ यायला लागली. पाळी आली की वाईट वाटायचं, पण आता त्या वाईट वाटण्याला तळ होता. ‘सहा आहेत ना, मग पुढच्या महिन्यात’, असं म्हणून ती डोळे पुसून खाली दुकानात यायची.

आणि सासूबाई! त्यांचं नाव तर गल्लीभर झालं. सँडल घ्यायला आलेली बाई अंजिरांचं माप घेऊन जायला लागली. “आमच्या धाकटीचे शून्य नऊ होते, सहा झाले,” हे वाक्य त्यांनी शेवटच्या जोडाच्या वाक्याइतकंच घोटलं. फरक एवढाच, की ते वाक्य बोलताना त्यांना माळ्यावरचे खोके ठाऊक असायचे, आणि हे त्या मनापासून बोलत होत्या. समोरच्या शिंपीणकाकूंच्या सुनेलाही मूल होत नव्हतं. तिचाही आकडा कमीच आला होता. ती अधूनमधून दुकानात येऊन बसायची आणि सासूबाई तिला लेकीसारखं समजावायच्या.

मग धाकटीची पाळी लवकर लवकर यायला लागली. आणि एका महिन्यात ती आलीच नाही.

घर चिडीचूप झालं. सासूबाईंनी तिला शिडीवर चढू दिलं नाही, आणि नवरा दिवसभर खोके चुकीच्या फळीवर ठेवत राहिला. घरी करायची तपासणी केली, तर एकच रेघ. “फार लवकर केलीस,” सासूबाई म्हणाल्या. पुन्हा केली, पुन्हा एकच रेघ. नंतर पाळी आली. त्या दिवशी धाकटी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली, आणि तिला वरही जावंसं वाटेना आणि खालीही.

“चल, बाईंकडे जाऊ,” ती नवऱ्याला म्हणाली. “मला आता भीती वाटते.”

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं केलं, रक्त, सोनोग्राफी, सगळं. रिपोर्ट आल्यावर दोघांना बोलावलं. धाकटीनं आपल्या पिशवीतून तो जुना कागदही काढून पुढे ठेवला. का ठेवला? कदाचित बाईंनी तो बघून म्हणावं, ‘अरे वा, मग काळजीचं काही नाही.’ आशा असते ना, तिला लाज नसते.

बाईंनी कागद वाचला. मग चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि पुन्हा वाचला.

“हा मला दाखवला नव्हतात.”

“नाही,” नवरा म्हणाला. “सहा आले, म्हणून म्हटलं...”

“हे सहा वेगळ्या मापातले आहेत,” बाई हळूच म्हणाल्या. “आमची लॅब नॅनोग्रॅममध्ये मोजते. ही लॅब पिकोमोलमध्ये. हे बघा, बाजूला लिहिलंय. ह्या आकड्याला सातानं भागलं की आमचा आकडा येतो. म्हणजे हे झाले...” त्यांनी कागदाच्या कडेला पेनानं लिहिलं. शून्य पूर्णांक पंच्याऐंशी.



“वाढलेच नव्हते?” धाकटीनं विचारलं.

“नाही. किंचित कमीच झाले होते. मी म्हटलं होतं ना, ते वाढत नसतात.”

“सहा नंबर आणि एकोणचाळीस नंबर,” धाकटी म्हणाली. बाईंना कळलं नाही. नवऱ्याला कळलं, आणि त्यानं मान खाली घातली. एक कंपनी ज्याला सहा म्हणते, दुसरी त्यालाच एकोणचाळीस म्हणते, पाय तोच. हे ती दिवसाकाठी दहा गिऱ्हाइकांना समजावून सांगायची. ‘ताई, आकड्यावर जाऊ नका, पाय बघा.’ आणि स्वतःच्या वेळेला तिनं नुसता आकडा बघितला होता. तिला स्वतःची इतकी चीड आली, की रडू आलंच नाही.

“आता किती आहे?” नवऱ्यानं विचारलं.

“आमच्या मापात शून्य पूर्णांक चार. एफएसएचही बरंच चढलंय. सोनोग्राफीत डाव्या बाजूला एक फॉलिकल, म्हणजे बीजाची पिशवी, दिसलं, उजवीकडे काही नाही.” बाईंनी पेन खाली ठेवलं. “मी खोटी आशा लावणार नाही. प्रयत्न करता येईल. एखाद-दुसरं बीज मिळेल, कदाचित तेही मिळणार नाही. आपसूक दिवस राहण्याची शक्यता संपली असंही मी म्हणत नाही, पण ती फार थोडी आहे. दुसऱ्या बाईचं बीज घेऊन मूल होऊ शकतं, तो एक मार्ग आहे. आज काही ठरवू नका.”

“त्या वेळी सुरू केलं असतं तर?”

प्रश्न नवऱ्याचा होता. धाकटीला वाटलं, कशाला विचारतोयस रे बाबा.

“त्या वेळी झालंच असतं, असंही नाही सांगता येत मला,” बाई म्हणाल्या. “पण हातात जास्त होतं.”

म्हणजे बघा, धड दोष द्यायचीही सोय नाही. ‘तुम्ही घालवलंत’ असं त्या म्हणाल्या असत्या, तर निदान छाती पिटून रडता तरी आलं असतं. ‘काही फरक पडला नसता’ म्हणाल्या असत्या, तर झोप तरी लागली असती. बाई खरं बोलल्या, आणि खरं हे असलं होतं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर नवरा फुटपाथच्या कडेलाच उभा राहिला. “कागद मी वाचला होता,” तो म्हणाला. “दारातूनच ओरडलो मूर्खासारखा.”

“मीही वाचला होता की.”

“तो फोन मी केला होता.”

“मी शेजारीच उभी होते ना रे.” तिनं त्याचा हात धरला. गर्दीतून कुणीतरी त्यांना धक्का मारून ‘रस्त्यात काय उभे राहता’ म्हणून गेलं, आणि दोघं निमूटपणे बाजूला झाली.

“आईला नको सांगू या,” चालता चालता तो म्हणाला. “ती मोडून पडेल. बाईंनी नवीन औषध दिलंय, एवढंच सांगू.”

“बरं,” धाकटी म्हणाली. तिला ते पटलं होतं. म्हातारीनं वर्षभर जीव पाखडला होता तिच्यावर. आणि सांगून तरी काय, गेलेलं थोडंच परत येणार होतं?

दुकानात पोचली, तर शिंपीणकाकूंची सून बाकावर बसलेली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. सासूबाई तिच्या शेजारी बसून हातवारे करून बोलत होत्या. ह्या दोघांना बघितल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

“ही बघ, आलीच! आता हिलाच विचार. मी सांगते ते खोटं का खरं, ते हीच सांगेल.”

“काय झालं?” धाकटीनं विचारलं.

“वहिनी,” सून म्हणाली, “परवापासून इंजेक्शनं सुरू करायचीत माझी. डॉक्टर म्हणतात, आकडा कमी आहे, उशीर नको. मला तर रात्रंदिवस तेच दिसतंय. काकू म्हणतात, आधी तीन-चार महिने अंजीर-अक्रोड करून बघ, धाकटीचं वाढलं तसं तुझंही वाढेल, मग कशाला सुया टोचून घ्यायच्या? मलाही पटतंय. आत्ता घरी जाऊन फोन करते आणि तारीख रद्द करते.”

नवऱ्यानं धाकटीकडे बघितलं आणि अगदी किंचित मान हलवली. नको. आत्ता नको, आईसमोर नको.

ही पोरगी धाकटीपेक्षा एखाद्याच वर्षानं लहान असेल. चेहऱ्यावर तेच सुटल्यासारखं हसू होतं, जे वर्षापूर्वी ह्याच दुकानात धाकटीच्या चेहऱ्यावर होतं. गप्प बसायला काय जातं! दोन मिनिटं गप्प बसलं असतं, तर पोरगी उठून घरी गेली असती, फोन केला असता, आणि सासूबाईंचा चेहरा तसाच उजळलेला राहिला असता.

“नको रद्द करूस,” धाकटी म्हणाली.

“अं?”

“परवा जा. आपल्या पायानं जा आणि डॉक्टर सांगतील ते कर. एक महिनासुद्धा थांबू नकोस.”

“अगं, काय बोलतेस तू!” सासूबाई हसत म्हणाल्या. “तिला घाबरवू नकोस उगाच. तुझे सहा झाले ते सांग की.”

“ते सहा नव्हतेच, आई.”

“नव्हतेच म्हणजे?”

मग धाकटीनं सांगितलं. उभ्यानंच, आवाज न चढवता, सगळं सांगितलं. मापं वेगळी, सातानं भागायचं, आकडा तेव्हाही वाढला नव्हता, तो वाढतच नसतो. आज काय निघालं तेही सांगितलं. सांगताना ती सासूबाईंकडे बघत नव्हती, त्या पोरीकडे बघत होती, कारण सासूबाईंकडे बघितलं असतं तर तिला पुढचा शब्द फुटला नसता. पोरगी ऐकता ऐकता उभी राहिली. “वहिनी, म्हणजे तुम्ही...” म्हणाली. तिनं धाकटीचा दंड घट्ट धरला, मग सोडला आणि भराभरा रस्ता ओलांडून गेली. जाताना सासूबाईंना ‘येते’ म्हणायचंही तिला सुचलं नाही.

“कुठं लिहिलंय?” सासूबाईंनी हात पुढे केला.

“आई, राहू दे ना,” नवरा म्हणाला.

“दाखव म्हणते ना!”

धाकटीनं कागद दिला. सासूबाईंनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला आणि आकड्याशेजारच्या त्या बारीक अक्षरांखाली बोट ठेवलं. त्यांना ती वाचता आली की नाही, कोण जाणे. त्या बोट तिथंच ठेवून बसल्या.

“ती डॉक्टरीण खरं सांगत होती तर,” त्या म्हणाल्या.

त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे हे वर्ष गेलं तुझं.”

“गेलं, आई.”

“माझ्यामुळे.”

धाकटी त्यांच्या शेजारी बाकावर बसली. ‘नाही’ म्हणणं तिच्या ओठांवर आलं होतं. पण ते खोटं झालं असतं, आणि म्हातारीला ते लगेच ओळखू आलं असतं. आयुष्यभर माणसांचे चेहरे बघूनच तर त्यांनी दुकान चालवलं होतं. ‘हो’ म्हणायला तर जीभच उचलत नव्हती.

“आपल्या तिघांमुळे,” ती शेवटी म्हणाली. “मला ऐकायचंच नव्हतं ते.”

सासूबाईंनी मान हलवली, पण ती ‘हो’ची होती की ‘नाही’ची, कळलं नाही. त्यांचे हात मांडीवर होते आणि ते उगीचच काहीतरी शोधत होते, कधी पदर, कधी कागद, कधी धाकटीचा हात. त्या हातांनी वर्षभर दिवसातून चार वेळा तिच्यापुढे काही ना काही आणून ठेवलं होतं. रिकामं बसायची त्यांना सवयच नव्हती.

“बरं,” त्या म्हणाल्या. आवाज एकदम बारीक झाला होता. “मग आता मी तुला काय देऊ?”

“काही नाही, आई. आता देण्यासारखं काही नाही.”

“असं कसं काही नाही?” त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. “सांग तर खरं. कुठं मिळतं ते सांग. मी आणते.”